निकॉन २००-५०० एफ ५.६ : नांदूर मध्यमेश्वरला कसा चालतो, आणि ६०० वाले का नाही घेतले

आधी निकाल सांगते, कारणं मागून. ज्यांच्याकडे ऑलरेडी निकॉनचा डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आहे, पक्षी हाच मुख्य विषय आहे आणि फिरणं बहुतेक नाशिक जिल्ह्यातच होतं, त्यांनी निकॉनचा २००-५०० हा लांबचा झूम लेन्स सेकंड हँड जरूर बघावा, डोळे झाकून नाही, टॉर्च मारून बघावा, पण बघावा. आणि ज्यांची पाटी कोरी आहे, म्हणजे बॉडी (नुसता कॅमेरा) पण घ्यायची आणि लेन्स पण, त्यांनी हा घेऊ नये, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

माझ्याकडे निकॉनचा डी ७५०० आहे. म्हणजे क्रॉप (छोटा) सेन्सर, २०.९ मेगापिक्सेल, आजच्या हिशोबाने जुनाच म्हणा. त्याच्यावर आधी ७०-३०० होता, तो वाईट नाही, पण नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातल्या चापडगावच्या टॉवरवर उभं राहून ३०० ने फ्लेमिंगो काढले की फोटोत पाणीच पाणी दिसतं आणि मध्ये काहीतरी गुलाबी टिंबं, घरचे विचारतात यात नक्की काय बघायचंय. तर लांबचा झूम घ्यायचाच होता, प्रश्न कुठला एवढाच होता. आणि या प्रश्नावर जो तो एकच आकडा फेकतो, किती एमएम? (म्हणजे फोकल लेंथ, आकडा जेवढा मोठा तेवढा पक्षी जवळ दिसतो.) ५०० ऐकलं की लगेच तोंड वाकडं, ६०० का नाही घेत, आता तर कॅननचा ८०० पण आलाय.

म्हणून हा आकडा जरा उलगडून बघू. फूटभर लांबीचा पक्षी आहे आणि तुमच्यापासून चाळीस मीटरवर बसलाय असं धरा. क्रॉप सेन्सरवर ५०० एमएम ने तो फ्रेमच्या रुंदीचा साधारण सहावा भाग व्यापतो, ६०० ने पाचवा भाग. बास, एवढाच फरक. ५०० चा फोटो कापून ६०० इतका केला तर २०.९ मधले साडेचौदा मेगापिक्सेल उरतात, त्यात मोठी प्रिंट सुद्धा आरामात निघते. आणि तोच पक्षी शंभर मीटरवर असेल तर ५०० ने सोळावा भाग, ६०० ने तेरावा, म्हणजे दोन्हीकडे टिंबच. शंभर मीटरवरच्या पक्ष्याला जवळ आणायचं काम लेन्सचं नाही, ते पायांचं आणि धीराचं आहे, तुम्ही बांधावर हलायचं नाही आणि तो चरत चरत आपणहून इकडे येईपर्यंत थांबायचं.

उजेडाचं पण सांगते कारण त्यावर लोक फार भांडतात. २००-५०० ला पूर्ण झूमवर पण एफ ५.६ मिळतं (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त), टॅमरॉन-सिग्माच्या १५०-६०० ला शेवटाला ६.३. फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे इकडे आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० लागत असेल तर तिकडे २०००. डोळ्यांना दिसत पण नाही. उलट ५०० ला ५.६ ने भागा, ८९ एमएम येतात, ६०० ला ६.३ ने भागा, ९५ येतात, म्हणजे त्या पक्ष्याकडून येणारा उजेड गोळा करायचं भोक ६०० वाल्यांचंच थोडं मोठं. त्यामुळे ५.६ आहे म्हणून २००-५०० भारी असं जे दुकानदार सांगतात ते तितकंसं खरं नाही. मजा म्हणजे कॅननचा तो २००-८०० घ्या, ८०० ला एफ ९, भागाकार केला की परत ८९ च. म्हणजे पक्षी फ्रेममध्ये मोठा दिसणार पण त्याच्या वाट्याला उजेड तेवढाच, आयएसओ मात्र १६०० च्या जागी ४००० वर.

मग ५०० च का. कारण नांदूरची हवा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे, त्याच्या मागे वर्षानुवर्षं गाळ साचून साचून उथळ डबकी, बेटं, पाणवनस्पती असं सगळं तयार झालं आणि पक्षी यायला लागले. १९८६ ला अभयारण्य झालं, २०२० च्या सुरुवातीला महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. नाशिकवरून चांदोरी, सायखेडा करत पहाटे निघालं की उजाडायला पोचता येतं. हिवाळ्यात निफाड तालुक्याची थंडी तुम्हाला माहितीच आहे, राज्याच्या बातम्यांत येणारी. द्राक्षबागांमध्ये शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, त्याचा धूर जमिनीलगत पसरून राहतो, त्याच्यात पाण्यावरचं धुकं. सूर्य वर आला की अर्धा-पाऊण तास सोन्यासारखा उजेड असतो, आणि त्याच्यानंतर खेळ सुरू होतो.

तिथले एक गाइड दादा आहेत, गळ्यात जुनी दुर्बीण, लेन्समधलं त्यांना काही घेणंदेणं नाही. ऊन चढल्यावर मी समोरच्या बेटावरच्या चित्रबलाकांवर ५०० एमएम लावून धडाधड फोटो काढत होते, ते शांतपणे म्हणाले, "ताई, आता नका काढू, हवा हालायला लागली." मी म्हणलं वारा तर अजिबात नाहीये. तर म्हणे, "वारा नाही ओ, हवा. ते बघा ना बगळ्याचे पाय." आणि खरंच, व्ह्यूफाइंडरमध्ये राखी बगळ्याचे पाय सापासारखे वळवळत होते, बगळा मात्र दगडासारखा उभा. घरी येऊन स्क्रीनवर शंभर टक्के करून बघितलं तर एकाही फोटोत पीस न् पीस सुटं दिसत नव्हतं, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहून वेगवान असून. याला हीट हेझ म्हणतात. गार पाणी, तापलेली माती, मधल्या हवेचे थर वेगवेगळ्या तापमानाचे, त्यातून येताना उजेड वाकडातिकडा होतो. लेन्स जेवढी लांब तेवढी ती थरथर पण मोठी होऊन दिसते. याला व्हीआर (हाताची थरथर कमी करणारी लेन्समधली सोय) उपयोगी नाही, महागडी काच उपयोगी नाही, सहा-सात लाखाचा प्राइम (झूम नसलेला लेन्स) लावा, सेमच. येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळवीट काढायला गेलात तर हे आणखी लवकर सुरू होतं, कारण तिथे सगळी उघडी जमीन.

म्हणजे आपल्याकडे लांबच्या फोटोला आडवी येते ती बहुतेक वेळा हवा, एमएम नाही. जिथे हवा साथ देते, म्हणजे पहाटे आणि जवळच्या अंतरावर, तिथे ५०० पुरतो. जिथे ५०० पुरत नाही तिथे ६०० पण पुरत नाही, ८०० असेल तर धूसर बगळा मोठा दिसतो. हे माझं मत, ज्यांना वाद घालायचाय त्यांनी फेब्रुवारीत सकाळी अकराला चापडगावला या, तिथेच घालू.

याच्यातच एक उपसूचना, गाडीतून फोटो काढत असाल तर हीटर बंद ठेवा आणि काचा आधीपासून खाली घ्या. आत ऊब आणि बाहेर निफाडची थंडी असेल तर खिडकीतूनच हवा थरथरते आणि माणूस लेन्सला शिव्या घालतो.

आता लेन्स हातात कसा वाटतो ते. कॉलर (ट्रायपॉडला लावायची कडी) धरून वजन २३०० ग्रॅम, कॉलर काढला तर २०९० च्या आसपास. माझी बॉडी बॅटरीसकट ७२० ग्रॅम. म्हणजे एकूण तीन किलो. दुकानात उचलून "काही जड नाही ओ" असं सगळेच म्हणतात. घरी तीन किलो कांदे पिशवीत घालून डोळ्यासमोर धरून दोन मिनिटं आभाळाकडे बघत उभ्या राहा, मग ठरवा. मला उडणारा मार्श हॅरियर धरायला हातातून जमतं पण सलग नाही, मध्ये मध्ये हात खाली करावा लागतो, आणि नेमका तेव्हाच तो वळतो. मोनोपॉड चालतो. गाडीच्या खिडकीवर मात्र बीन बॅगसारखं दुसरं काही नाही, मी शिवून घेतलेली आहे, आत बाजरी. बाहेरगावी जाताना रिकामी न्यायची, तिथल्या किराणा दुकानातून भरायची, येताना कुणाला तरी देऊन टाकायची.

झूमची रिंग फार फिरते. २०० पासून ५०० पर्यंत एका झटक्यात जात नाही, मनगट सोडून परत पकडावं लागतं. पक्षी लांबून थेट तुमच्या अंगावर येतोय अशा वेळी हे त्रासदायक आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. माझा तोडगा म्हणजे उडणाऱ्या पक्ष्यांच्या वेळी ४०० च्या आसपास ठेवून द्यायचं आणि झूम विसरायचं. झूम करताना नळी बाहेर येते आणि बॅलन्स पुढे सरकतो, जिंबलवर (ट्रायपॉडच्या झुलत्या हेडवर) लावणाऱ्यांना हे जास्त जाणवेल. लॉकचं बटण फक्त २०० ला लागतं. हूड प्लास्टिकचा, मोठा, तो नीट बसला का ते दरवेळी हाताने चाचपायची सवय लावा. ट्रायपॉडचा पाय आर्का टाइपचा (थेट ट्रायपॉडच्या खाचेत सरकणारा) नाही, वेगळी प्लेट लावावी लागते, टॅमरॉनच्या १५०-६०० जी २ ला ती खाच पायातच दिलीय, एवढी साधी गोष्ट निकॉनने का नाही केली कोण जाणे.

फोकस. बसलेल्या पक्ष्याला काही प्रश्न नाही, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू, शेकाट्या, वेडा राघू, पटकन आणि अचूक. उडणाऱ्याला लागतो पण प्रो प्राइमसारखा खाडकन लागत नाही, एकदा सुटला की पार जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येतो आणि तेवढ्यात कवड्या खंड्याने सूर मारून मासा घेऊन पण झालेला असतो. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण आहे, फुल किंवा ६ मीटरच्या पुढे, ते पाणपक्ष्यांच्या वेळी ६ मीटरवरच ठेवायचं, निम्मं डोकं दुखायचं थांबतं. फक्त नंतर जवळच्या फांदीवर काही आलं आणि फोकसच होईना तर आधी ते बटण बघा. जवळात जवळ २.२ मीटरवर फोकस होतो, त्यामुळे बांधावरचे चतुर आणि फुलपाखरं सुद्धा मस्त येतात, हा मला बोनस वाटला.

व्हीआर खरंच चांगला आहे, कंपनी साडेचार स्टॉप सांगते. दोन मोड आहेत, नॉर्मल आणि स्पोर्ट. बसलेल्याला नॉर्मल, उडणाऱ्याच्या मागे कॅमेरा फिरवायचा असेल तर स्पोर्ट. पण व्हीआर तुमचा हात स्थिर करतो, पक्षी नाही, उडणाऱ्याला शटर सोळाशे ते अडीच हजार लागतंच. शार्पनेस पूर्ण उघडा ५.६ ला पण छान आहे, ५०० ला एफ ८ केला तर थोडा आणखी येतो, मी उजेड असेल तरच करते.

बाकीचे का नाही. टॅमरॉन १५०-६०० जी २ साधारण दोन किलोचा, सिग्माचा १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, दोन्ही चांगले, वजनाला २००-५०० पेक्षा बरे आणि १५० पासून सुरू होतात म्हणजे जनावर जवळ आलं तरी सोय. दोघांचेही डॉक मिळतात, यूएसबीने कॉम्प्युटरला जोडून फोकस ट्यून करता येतो. मला नको वाटलं ते एका कारणाने. पुढे कधीतरी मी मिररलेसवर (आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर) जाणार, तेव्हा निकॉनचा स्वतःचा लेन्स एफटीझेड या, जुना लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर सरळ चालतो, थर्ड पार्टीवाल्यांना फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) कुठलं आहे, अपडेट होतं का, ही भानगड आधी तपासावी लागते. तुम्हाला मिररलेसवर जायचंच नसेल तर हे कारण तुमच्यासाठी बाद, मग दोन्ही बाजूंपैकी ज्याची कंडिशन चांगली आणि बिल असेल तो घ्या. सिग्माचा जुना स्पोर्ट मॉडेल मात्र हातातून वापरायला नका घेऊ, २८६० ग्रॅम आहे, बांधणी दणकट पण आपल्याला पक्षी काढायचेत, दंड नाही.

आता कोरी पाटीवाले. बॉडी पण नवीन घ्यायची असेल तर डीएसएलआरमध्ये आता जीव अडकवू नका. सोनीचा २००-६०० आहे २०१९ पासून, निकॉनचा झेड १८०-६०० आहे २०२३ पासून, दोन्हीत झूम आतल्या आत होतो, नळी बाहेर येत नाही, बॅलन्स हलत नाही, रिंग थोडीशी फिरवली की इकडून तिकडे. वजन दोघांचंही कॉलरसकट दोन किलोच्या थोडं वरच, म्हणजे फार हलके नाहीत, पण हातात धरल्यावर २००-५०० पेक्षा सुटसुटीत वाटतात. माझ्या एका मैत्रिणीकडे सोनीचा आहे, तिने धरायला दिला आणि प्रामाणिकपणे सांगते, परत देताना जरा जिवावर आलं. शिवाय नव्या बॉडीत पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस चिकटून राहतो, त्याची मजा डी ७५०० च्या ५१ फोकस पॉइंटला कशी यायची. पण लेन्सच दीड लाखाच्या वर, वर बॉडी, वर कार्ड. घरात हा विषय काढताना दिवस बघून काढा.

कॅननवाल्यांसाठी, १००-५०० हा प्रवासाला सगळ्यात सोयीचा, कॉलर सोडून १३७० ग्रॅम, शेवटाला एफ ७.१ म्हणजे उजेडात थोडी तडजोड, आणि किंमत दोन लाखाच्या वर. अंजनेरीवर गिधाडं बघायला चढून जायचं असेल तर मला तोच न्यायला आवडेल, आपला तीन किलोचा संसार घेऊन तो डोंगर चढताना अर्ध्या वाटेतच छंद बदलावासा वाटतो. बजेट कमी असेल तर त्यांचा १००-४०० आहे एफ ५.६ ते ८ चा, ६३५ ग्रॅम फक्त, चांगल्या उन्हात झक्कास, पहाटे मात्र रडकुंडीला आणतो.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, एमएम वाढवणारी जोडकाच) लावू का हे पण विचारतात. १.४ लावला की २००-५०० चा ७०० होतो पण एफ ८ ला जातो, आणि डी ७५०० मध्ये एफ ८ ला फोकस करणारा मधला एकच पॉइंट. बसलेल्या घुबडाला ठीक, उडणाऱ्याला विसरा. आणि हवा वळवळतीच असते ते वर सांगितलंच.

घेताना काय केलं ते सांगते, कारण नवीन घेण्यात काही अक्कल लागत नाही, सेकंड हँडमध्ये लागते. नाशिकमध्ये लग्नाच्या फोटोग्राफरसाठी लेन्स भाड्याने देणारे बरेच आहेत, त्यांच्याकडे ७०-२०० ढिगाने, पण विचारत गेलं की २००-५०० पण सापडतो. आधी तो एका वीकेंडला भाड्याने घेतला, डिपॉझिट आणि आधार कार्ड ठेवून. हे कराच, वजन आपल्याला झेपतं का ते याच्यातच कळतं. मग विकत घ्यायचा ठरला तेव्हा विकणाऱ्या काकांना गोदापार्कवर बोलावलं, दुकानात किंवा कुणाच्या हॉलमध्ये ५०० एमएम तपासता येत नाही. मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघायचं, बारीक धुळीचे कण असणारच, त्याला घाबरायचं नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर तो फंगस, तिथूनच चहा पिऊन घरी. नदीपलीकडचा एखादा अक्षरांचा बोर्ड ५.६ ला वेगवेगळ्या झूमवर काढायचा, चारही कोपरे बघायचे. फोकस सतत थोडा पुढे किंवा मागे पडत असेल तर डी ७५०० मध्ये फाइन ट्यून करता येतं, डी ५६०० वगैरेत ती सोयच नाही, तेव्हा त्यांनी आणखी काटेकोर बघा. आणि डी ९० सारखी जुनी बॉडी असेल तर हा लेन्स घेऊच नका, याचा अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) इलेक्ट्रॉनिक आहे, तिथे नीट चालत नाही. व्हीआर चालू-बंद करून आवाज ऐकायचा, घुर्रर्र असा हलका येणारच, खडखड येत असेल तर नको. वर उडणाऱ्या घारींवर दहा-पंधरा फोटो. काकांना वाटलं मी कॅमेऱ्याची परीक्षक आहे, म्हणाले, "पोरी, एवढं तर मी मुलगी देताना पण बघितलं नव्हतं."

बिल ओरिजिनल मागा, सीरियल नंबर बिलावर आणि लेन्सवर जुळवा. एका विक्रेत्याने मला खूप स्वस्तात सांगितला होता, बिलाचं विचारल्यावर "बिलाचं काय घेऊन बसलात" म्हणाला, तो ग्रे मार्केटचा (कंपनीच्या अधिकृत वाटेने न आलेला) माल, बिघडला तर भारतातली वॉरंटी लागू होत नाही आणि पुढे विकताना आपलीच पंचाईत. चांगल्या कंडिशनचा, बिलासकट, लाखाच्या बऱ्याच खाली मिळायला हवा, त्याच्या वर कुणी सांगत असेल तर थांबा, मिररलेसवर जाणारे रोज कुणी ना कुणी आपला विकायला काढतायत.

पावसाळ्यात जपा. ९५ एमएमची पुढची काच म्हणजे बुरशीला मोकळं मैदान, आणि आपलं इगतपुरी-त्र्यंबक बाजूचं हवामान तर विचारू नका. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शंभर-दोनशेचा आर्द्रतेचा मीटर, काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. कापडी बॅगेत कपाटात टाकून ठेवू नका. हिवाळ्यात नांदूरवरून गार झालेला लेन्स उबदार घरात आणला की लगेच बॅग उघडायची नाही, तासभर तसाच बंद राहू द्यायचा, नाहीतर काचेवर दव धरतं. कार्ड तेवढं गाडीतच काढून घ्या, फोटो बघायची घाई आपल्याला असतेच.